‘भाबडी कला’ नको, मग काय लिहावं?

प्रश्न असा आला आहे: ‘ग्वाटेमालातल्या माया चित्रकारांवर लेख लिहिते आहे. कलाशाळेत न गेलेली, गावातलं रोजचं जगणं रंगवणारी ही माणसं. इंग्रजीत त्यांच्या कलेला ‘नाईव्ह’, ‘फोक’ म्हणतात. मराठीत भाबडी कला, आदिम कला की लोककला? आणि बाजार थेट वरून दिसतो अशी त्यांची चित्रं आहेत, त्यांना ‘विहंगम’ म्हणता येईल का?’

‘आदिम’ आधी खोडा. तिकडे स्पॅनिशमध्ये ‘प्रिमितिविस्ता’ म्हणायची पद्धत आहे, तिथूनच हा शब्द डोकावला असणार. पण या परंपरेचे एक आद्य चित्रकार, सान हुआन कोमालापा गावचे आंद्रेस कुर्रुचिच (१८९१–१९६९), हे विसाव्या शतकातले शेतकरी. तैलरंगात गावची लग्नं, मिरवणुका, विणणाऱ्या बायका रंगवायचे आणि चित्राखाली प्रसंग काय आहे ते स्पॅनिशमध्ये लिहायचे. यात आदिम काय?

‘भाबडी’ मला त्याहून खटकतो. मराठीत भाबडा म्हटलं की थोडी कीव आलीच. भाबड्या माणसाला कुणीही फसवावं. कोमालापातल्या रस्त्याकडेच्या भित्तिचित्रांत १९७६चा भूकंप आहे, यादवी युद्धातल्या हत्याही आहेत. रेखाटनाला यथादर्शनाचे, म्हणजे जवळचं मोठं नि दूरचं लहान दाखवायचे, नियम लावलेले नसतात, एवढ्यावरून रंगवणाऱ्याला भाबडं ठरवायचं? शैलीबद्दलच बोलायचं असेल तर सरळ ‘नाईव्ह शैली’ लिहा आणि पुढे अर्ध्या वाक्यात ती कशी असते ते सांगा.

‘लोककला’ चुकीचा नाही, पण मराठी वाचक तो ऐकताच पिंगुळीची चित्रकथी किंवा वारली चौक डोळ्यांपुढे आणतो: पिढीजात, विधीशी बांधलेलं, करणाऱ्याचं नाव सहसा न टाकलेलं. इथे नावं ठळक आहेत, आणि सुरुवात कुणी केली तेही ठाऊक आहे. अतित्लान सरोवराकाठच्या सान पेद्रो ला लागुनामध्ये राफाएल गोन्सालेस इ गोन्सालेस यांनी १९२९च्या सुमारास चित्रं काढायला घेतली. सूत रंगवायचा रंग झाडाच्या चिकात मिसळलेला त्यांना दिसला आणि त्यातूनच सगळं सुचलं, असं सांगतात. पलीकडच्या सांतियागो अतित्लानचे हुआन सिसाय पुढे परदेशातही नावाजले. १९८९ मध्ये त्यांची हत्या झाली. तेव्हा कलेला लोककला म्हणा हवं तर, माणसाला मात्र नुसतं ‘चित्रकार’ म्हणा.

‘स्वयंशिक्षित’ तुम्ही विचारला नाहीत, पण लेखात येणारच. पहिल्या पिढीला तो चपखल बसतो. पुढची पिढी मात्र बापाकडे, भावाकडे, शेजाऱ्याकडे बघून शिकली. कुर्रुचिच यांची नात रोसा एलेना हिनेही ब्रश धरला, लहान लहान चित्रं काढली. त्यांच्यासाठी ‘घरी शिकलेले’ किंवा ‘कलाशाळेत न गेलेले’ बरं. ‘हौशी’ तर मुळीच नको, ही चित्रं विकून घरं चालतात.

जाता जाता, ‘माया चित्रकार’ हे शीर्षकात टाकू नका. आपल्याकडे ते एखाद्या मायाताईंचं नाव वाटतं. ‘माया समाजातले चित्रकार’ लिहा; त्याहून नेमकं हवं तर त्यांच्यातल्या गटांची नावं द्या: कोमालापाचे काक्चिकेल, सरोवराकाठचे त्सुतुहिल. ‘मायन’ची गरज नाही, ‘माया संस्कृती’ आपल्याकडे रुळलेलीच आहे.

आता ‘विहंगम’. विहंगम म्हणजे पक्षी, म्हणजे शब्दार्थाने तुमचं बरोबर. तिथले चित्रकारही या प्रकाराला स्पॅनिशमध्ये ‘पक्ष्याची नजर’ असंच म्हणतात. पण मराठीत ‘विहंगम दृश्य’ घाटमाथ्यावरून दिसणाऱ्या दरीला इतकं चिकटलंय, की वाचकाला हिरवे डोंगर दिसतील. या चित्रांत दूरचं काही नसतं. कॅनव्हास काठोकाठ भरलेला: डोक्यावरचे रुमाल, टोपल्यांतले टोमॅटो, फळं, मका, पाठीला बांधलेली पोरं, माणसांचे चेहरे जवळजवळ नाहीतच. ‘थेट डोक्यावरून पाहिलेला बाजार’ असं लिहा. एकच शब्द हवा असेल तर ‘पक्षिदृष्टी’ चालेल, पण पहिल्यांदा वापराल तिथे चित्राचं वर्णन जोडा. ‘विहंगम’ ठेवायचाच असेल तर सरोवर आणि त्यामागचे ज्वालामुखी रंगवलेल्या चित्रांसाठी ठेवा, तिथे तो शोभेल.