किलोवॅट-तास की ‘किलोवॅट प्रति तास’?

प्रश्न असा आहे: विजेच्या एका युनिटला ‘एक किलोवॅट प्रति तास’ म्हणायचं का? आणि मग बिलावर ‘मंजूर भार’ म्हणून जो किलोवॅट छापतात, तो कसला?

‘प्रति तास’ चूक. ‘प्रति’, ‘दर’, ‘ताशी’ हे तिन्ही शब्द भागाकाराचे. ताशी ६० किलोमीटर म्हणजे अंतर भागिले वेळ. युनिट मात्र गुणाकारातून येतं, किलोवॅट गुणिले तास. असे गुणाकाराचे जोडशब्द मराठीला नवे नाहीत. रोजगार हमीच्या कामावर मनुष्यदिवस मोजतात. पाच माणसं चार दिवस राबली की वीस मनुष्यदिवस भरतात, त्याला ‘वीस माणसं प्रति दिवस’ कुणी म्हणत नाही.

खरं तर ‘प्रति’ वॅटच्या पोटातच आहे, कारण १ वॅट म्हणजे सेकंदाला १ ज्यूल ऊर्जा. वर पुन्हा ‘प्रति तास’ लावलं की वेळेने दोनदा भागलं जातं. त्यालाही अर्थ आहे, पण तो वीजकेंद्र आपली निर्मिती किती झपाट्याने वाढवतं याचा. घरच्या बिलात त्याचं काम नाही.

मंजूर भार ही शक्ती, म्हणजे ऊर्जा वापरण्याचा वेग; वापरलेली युनिटं ही ऊर्जा. इथे आपली बोली घोटाळा करते. ‘अंगात शक्ती उरली नाही’ म्हणताना आपल्या मनात साठा असतो, म्हणजे पुस्तकातली ऊर्जा. अणुशक्तीनगरातली ‘शक्ती’ही तशीच. अश्वशक्तीतली मात्र पुस्तकाला धरून आहे: १ अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. (‘कार्य’ शब्दाचं तर विचारूच नका. घरात कार्य असलं की पुस्तकातलं कार्य मोजायचे न्यूटन-मीटर कुणाला आठवतात?)

वर्गात हा फरक गीझरवर चांगला उतरतो. १५०० वॅटचा गीझर २० मिनिटं चालला. मुलं सरळ १५०० × २० करून ‘३०,००० युनिट’ लिहितात, कारण युनिट म्हणजे काय हे त्यांनी शब्दांत फोडलेलंच नसतं. ‘किलोवॅट-तास’ असं जोडरेघेसह लिहायला लावलं की दोन्ही रूपांतरं शब्दातच दिसतात: वॅटचे किलोवॅट करा, मिनिटांचे तास करा. १.५ × १/३ = ०.५ युनिट. ज्यूलमध्ये हवं असेल तर १ युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल, तेव्हा गीझरने १८ लाख ज्यूल घेतले.