पोऱ्या रातभर घोरस

मुलांचं घोरणं आणि झोपेत श्वास अडणं, म्हणजेच स्लीप ॲप्निया, यावर आलेली पत्रं या अंकात एकत्र घेतली आहेत. उत्तरं आमच्या बालरोग आणि कान-नाक-घसा विभागाच्या सल्लागारांची.

मुलगा सहा वर्षांचा आहे. तोंड उघडं टाकून झोपतो, रात्रभर घोरतो. सासूबाई म्हणतात, "खेळीसन थकी जास, म्हणून घोरस." काळजी करावी का?
– एक आई, चोपडा

सर्दी-पडशात चार दिवस घोरला तर सोडून द्या. सर्दी नसताना आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री घोरत असेल, तर मात्र थकव्यावर ढकलू नका. दर शंभर मुलांत साधारण एक ते पाच जणांना झोपेत श्वास अडण्याचा त्रास असतो. दोन ते आठ वर्षांत तो जास्त दिसतो, कारण त्या वयात श्वासाची वाट अरुंद आणि तिच्या मानाने टॉन्सिल आणि नाकामागची ॲडिनॉइडची गाठ मोठी असते. जागेपणी घशाचे स्नायू वाट उघडी धरतात. झोपेत ते सैलावतात आणि वाट मिटते.

घरी बघायचं ते असं. पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान उठा. स्वप्नांची झोप रात्रीच्या शेवटच्या भागात जास्त असते आणि तेव्हाच स्नायू सर्वांत ढिले पडतात. रात्री दहाला बघून "काही नाही" म्हणणारे पालक इथेच फसतात. कूलर दहा मिनिटं बंद ठेवा, त्याच्या घरघरीत काही ऐकू येत नाही. मुलाचा सदरा वर करा आणि छाती-पोट बघा. श्वास घेताना पोट फुगतं पण छाती आत ओढली जाते का? गळ्याखालच्या खळग्यात खड्डा पडतो का? घोरणं मध्येच थांबतं, पोट हलत राहतं पण नाकाशी हवा लागत नाही, मग हिसका बसून मूल कूस बदलतं, असं होतं का? चेहऱ्यापासून पोटापर्यंत सगळं दिसेल असा दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ मोबाइलवर काढा. डॉक्टरला तोंडी वर्णनापेक्षा तो जास्त कामाचा.

मान मागे टाकून झोपणं, थंडीतही उशी घामाने भिजणं, सुटलेली सवय परत येऊन अंथरूण ओलं होणं, सकाळी डोकं दुखणं याही खुणा आहेत. मोठ्या माणसासारखं मूल दिवसा पेंगेलच असं नाही. उलट ते चिडचिड करतं, एका जागी बसत नाही, आणि शाळेतून तक्रार येते ती "मस्तीखोर" म्हणून.

मुलीची स्लीप स्टडी केली, आकडा ३.२ आला. एक डॉक्टर म्हणतात टॉन्सिल काढा, दुसरे म्हणतात थांबा. कोणाचं ऐकावं?
– एक वडील, अमळनेर

स्लीप स्टडी म्हणजे रात्रभर झोपेतला श्वास यंत्राने मोजणारी तपासणी. आधी तिचा रिपोर्ट मुलांच्या नियमांनी वाचलाय का ते विचारा. हा आकडा म्हणजे तासाला किती वेळा श्वास अडला किंवा उथळ झाला याची सरासरी. मोठ्यांत पाचच्या आतला आकडा नॉर्मल धरतात. मुलांत एकाच्या वर गेला की दखल घ्यायची: १ ते ५ सौम्य, ५ ते १० मध्यम, १० च्या वर तीव्र. मोजणीही वेगळी. मोठ्यांत श्वास दहा सेकंद थांबावा लागतो, मुलांत दोन श्वासांइतका वेळ पुरतो. मोठ्यांच्या मापाने वाचलेल्या रिपोर्टवर ३.२ पुढे चक्क "नॉर्मल" लिहून येतं.

आता मूळ प्रश्न. गेल्या दहा-बारा वर्षांतल्या संशोधनाचा रोख नेमका इथेच आहे: कोणाला ऑपरेशनचा फायदा होतो आणि कोण थांबू शकतं. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या 'चॅट' चाचणीत ५ ते ९ वर्षांची ४६४ मुलं होती. कोणाचं ऑपरेशन लगेच आणि कोणावर नुसतं लक्ष ठेवायचं, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं. सात महिन्यांनी ऑपरेशन झालेल्यांपैकी ७९ टक्के मुलांची स्लीप स्टडी नॉर्मल आली. पण नुसती थांबलेली ४६ टक्के मुलंही आपोआप नॉर्मल झाली. लक्ष एकाग्र करण्याच्या परीक्षेत दोन गटांत ठळक फरक नव्हता. वागणूक, झोप आणि एकूण स्वास्थ्य मात्र ऑपरेशनच्या गटात जास्त सुधारलं. २०२३ च्या 'पॅट्स' चाचणीत तीनच्या आत आकडा असलेली, घोरणारी ४५९ मुलं वर्षभर पाहिली. तिथेही एकाग्रतेत फरक नाही. त्रासाच्या खुणा, वागणूक आणि रक्तदाब यांत फायदा दिसला.

म्हणजे तुमचे दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर आहेत. नुसत्या ३.२ वर निर्णय होत नाही. मुलगी रात्री तळमळते, अंथरूण ओलं करते, वर्गात लक्ष नाही, तर ऑपरेशनकडे झुकावं. नुसतीच घोरते, दिवसा टवटवीत आहे, वजन नीट वाढतंय, तर तीन ते सहा महिने थांबायला हरकत नाही. फक्त पुढच्या तपासणीची तारीख आजच लिहून घ्या. आकडा दहाच्या वर असता तर हा थांबण्याचा हिशोब लागू पडला नसता.

थांबण्याच्या काळात नाकात मिठाच्या पाण्याचा स्प्रे मारा. मेलबर्नच्या २०२३ च्या चाचणीत २७६ मुलांना सहा आठवडे रोज स्टेरॉइडचा किंवा साध्या मिठाच्या पाण्याचा स्प्रे दिला. त्रास मिटला तो ४४ आणि ४१ टक्के मुलांचा, म्हणजे जवळपास सारखाच. मेडिकलमधला ०.९ टक्क्यांचाच घ्या, घरी मीठ कालवू नका. आधी नाक शिंकरायला लावा, मान किंचित पुढे, आणि नळीचं तोंड त्याच बाजूच्या कानाकडे. मधल्या पडद्यावर मारला की नाकातून रक्त येतं. मॉन्टेलुकास्टची (ॲलर्जी आणि सूज कमी करायला देतात ती) गोळी चालू असेल तर एक लक्षात ठेवा: दुःस्वप्नं, अचानक बदललेला स्वभाव, आक्रमकपणा दिसला की लगेच डॉक्टरांना कळवा. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२० मध्ये या औषधावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला आहे.

कोविडपासून घरात बोटाचा ऑक्सिमीटर आहे. झोपेत लावला तर ९७ दाखवतो. मग ठीकच ना?
– पाचोरा

नाही. श्वास अडतो तो काही सेकंद, आणि ऑक्सिजन घसरून तुम्ही बघेपर्यंत परत वरही येतो. त्यासाठी रात्रभर नोंद ठेवणारं, तीन सेकंदांच्या आत सरासरी काढणारं यंत्र लागतं. त्यात घसरणीचे झुबके दिसले तर निदान बळकट होतं; नोंद स्वच्छ आली तरी आजार नाही असं म्हणता येत नाही. शिवाय मोठ्यांची क्लिप पोराच्या बोटावरून सटकते.

आश्रमशाळेत सिकलसेलचा एक विद्यार्थी आहे. सोबतची मुलं सांगतात, तो घोरतो आणि मध्येच गुदमरतो. हे वेगळं समजावं का?
– एक शिक्षक, धडगाव

हो, आणि घाईचं समजा. सिकलसेल हा तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार. रात्री ऑक्सिजन घसरला की तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकण्याचं प्रमाण वाढतं. सिकलसेलच्या मुलांत टॉन्सिल-ॲडिनॉइड वाढून श्वास अडणं इतरांपेक्षा जास्त दिसतं. एक बारकावा: या मुलांची किडनी लघवी घट्ट करू शकत नाही, त्यामुळे अंथरूण ओलं होण्यावरून स्लीप ॲप्निया धरू नका. गुदमरण्याची साक्ष महत्त्वाची. ऑपरेशन ठरलंच तर आधी हिमोग्लोबिन पाहून, बहुधा रक्त देऊन ते दहाच्या आसपास आणतात आणि उपाशी ठेवायच्या काळात सलाइन चालू ठेवतात. सिकलसेलचं कार्ड भूलतज्ज्ञाच्या हातात द्या, फाइलच्या तळाशी ठेवू नका.

मुलाचं टॉन्सिलचं ऑपरेशन ठरलंय. वजन २० किलो. घरी काय जपावं?
– शिरपूर

भूलतज्ज्ञाला "झोपेत श्वास अडतो" हे स्वतः सांगा. मूल तीन वर्षांच्या आतलं किंवा त्रास तीव्र असेल तर पहिली रात्र दवाखान्यात, मॉनिटरवर.

दुखण्यावर पॅरासिटामॉल किलोला १५ मिलिग्रॅम, सहा तासांच्या अंतराने: तुमच्या मुलाला एका वेळी ३०० मिलिग्रॅम. चूक होते ती बाटलीत. ५ मिलीत २५० वालं सिरप असेल तर ६ मिली, १२५ वालं असेल तर १२ मिली. लेबल वाचूनच मोजा. कोडीन आणि ट्रॅमाडॉल मुळीच नको. काही मुलांचं शरीर कोडीनचं मॉर्फिन फार झपाट्याने करतं आणि श्वास मंदावतो. या ऑपरेशननंतर अमेरिकेत मुलांसाठी कोडीनला २०१३ मध्ये आणि ट्रॅमाडॉलला २०१७ मध्ये मनाई झाली.

दिवसभरात सगळं मिळून दीड लिटरच्या आसपास पातळ पोटात जाऊ द्या. घसा कोरडा पडला की जास्त दुखतो. वरण-भात, दुधात कुस्करलेली भाकरी, केळं चालेल. शेव, पापड, ठेचा दोन आठवडे दूर. घशात पांढरा थर दिसेल, तो पू नाही. कानही दुखेल, तो घशाच्याच नसेचा निरोप. हा थर पाचव्या ते दहाव्या दिवसात सुटतो आणि रक्तस्रावाचा धोका तेव्हाच. झोपेत मूल सारखं गिळत असेल तर टॉर्च लावून घसा बघा. लाल रक्त दिसलं की सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा. म्हणून हे दोन आठवडे लांबच्या लग्नाला किंवा मामाच्या गावाला नेऊ नका.

सूज असेपर्यंत घोरणं चालूच राहील. सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासणी करा. तेव्हाही घोरत असेल, आणि वजन जास्त किंवा डाउन सिंड्रोम असेल तर हमखास, स्लीप स्टडी पुन्हा करून घ्यावी. काहींना त्यानंतर रात्री मास्कने दाबाची हवा देणारं सीपॅप यंत्र लागतं.