बोट चालू असताना नाळेवरचा, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावरचा, नांगर नुसत्या विंडलासच्या (साखळी ओढणाऱ्या यंत्राच्या) भरवशावर ठेवला तर चालतं का?

नाही. सपाट पाण्यात कितीही दिवस निभावून जातं, आणि म्हणूनच ही सवय अंगवळणी पडते. तुम्ही लिहिलंय की बोट तीस फुटी शिडाची आहे, नांगर नाळेवरच्या रोलरवर बसतो, साखळी विंडलासने घट्ट ओढून ठेवता, आणि समोरून लाटा आल्या की पुढून खडखड ऐकू येते. खडखड येते म्हणजे नांगर आत्ताच हलतोय. उद्या तो किती हलेल, हे लाटेवर आहे.

विंडलासचं काम नांगर उचलण्याचं, धरून ठेवण्याचं नाही. साखळी ज्या दातेरी चाकात बसते, ते चाक बहुतेक विंडलासमध्ये क्लचने धरलेलं असतं. शंकूसारखे दोन भाग एकमेकांवर दाबले गेले की चाक फिरायचं थांबतं, एवढाच तो आधार. तो हँडलने आवळायचा राहून गेला की घसरतो. शिवाय चाकाच्या दातांत एका वेळी साखळीच्या मोजक्याच कड्या अडकलेल्या असतात. सैल साखळीला झटका बसला की त्या दातांवरून उडतात, आणि एकदा उडाल्या की पुन्हा बसायचं नाव घेत नाहीत.

हे माझ्याच बोटीवर घडलंय. बोट ३४ फुटी, नांगर १५ किलोचा, साखळी ८ मिलिमीटरची. वारा अगदी समोरून होता, निघून दोन तास झाले होते. आधी पुढून एकच ‘धप्प’ ऐकू आलं. मला वाटलं लाट आपटली. मग साखळी धावल्याचा आवाज आला. ज्याने तो ऐकलाय त्याला सांगायला नको. ज्याने ऐकला नाही त्याने खडीचा ट्रक रिकामा होतोय असं समजावं. मी पुढे पोचेपर्यंत वीसेक मीटर साखळी गेली होती. ८ मिलिमीटरच्या साखळीचं वजन मीटरला सुमारे १.४ किलो भरतं, म्हणजे नांगर धरून चाळीसेक किलोचा लंबक नाळेखाली लोंबकळत होता आणि बोट खाली बसली की फाळाचं, म्हणजे नांगराच्या तळात रुतणाऱ्या पात्याचं, टोक बोटीच्या कुशीवर आपटत होतं. साखळी पंख्यात जाईल या भीतीने आधी इंजिन न्यूट्रलला घेतलं, मग चेन स्टॉपर, म्हणजे साखळीची कडी अडवणारी डेकवरची जीभ, पाडला. बोट जागेवर थांबवून, लाटेच्या उसंतीत, दोघांनी हातांनी नांगर वर घेतला. कुशीवर तळहाताएवढा जेलकोट, म्हणजे बाहेरचा गुळगुळीत थर, निघाला होता. नांगर रोलरवर अडकवून ठेवणारी पिन तिच्या दोरीला लटकत होती, लावलीच नव्हती. बंदरातून निघायच्या घाईत ती मीच लावायची विसरलो होतो.

तेव्हापासून माझा नियम असा: नांगर विंडलासखेरीज दोन वेगळ्या गोष्टींनी धरलेला हवा, आणि त्या दोन्ही मला अंधारात, ओल्या हातांनी, अर्ध्या मिनिटात सोडता आल्या पाहिजेत. दुसरी अटही पहिलीइतकीच महत्त्वाची आहे. किनाऱ्याजवळ इंजिन बंद पडलं तर नांगर हाच तुमचा ब्रेक, आणि तो सुटतच नसेल तर घट्ट बांधून काय उपयोग?

आता प्रत्यक्ष बांधायचं कसं. नांगर वर घेताना शेवटचा हातभर भाग सावकाश घ्या. दांडा रोलरवर आडवा झाला की विंडलासने करकचून आवळू नका, त्याने गिअरवर कायमचा ताण राहतो. चेन स्टॉपरची जीभ कडीवर पाडा आणि मग विंडलास किंचित उलटा फिरवून साखळी सैल सोडा. स्टॉपर आणि विंडलास यांच्यामधली साखळी डेकवर सैल पडलेली दिसली, म्हणजे भार स्टॉपरवर आला. स्टॉपर नसेल तर जाड दोराचा तुकडा साखळीच्या कडीतून घालून मजबूत क्लीटला (डेकवरच्या दोर बांधायच्या खुंटीला) घ्या. हा झाला पहिला आधार.

पण स्टॉपर फक्त पुढे जाणं अडवतो, आणि नांगर पुढेच जातो असं नाही. नाळ लाटेवर चढते आणि धाडकन खाली बसते. त्या क्षणी नांगर बोटीइतक्या लवकर खाली येत नाही, तो रोलरवरून अधांतरी उचलला जातो. पुढच्याच क्षणी नाळ वर येते आणि तो तिच्यावर आपटतो. प्रत्येक लाटेला हेच. म्हणून त्याला खाली दाबून ठेवणारं काहीतरी हवं. रोलरच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांतून जाणारी पिन दांड्याच्या वर किंवा दांड्याच्या भोकातून घालायची ती याचसाठी. पिनला लहानशी दोरी बांधून ठेवा, नाहीतर पहिल्याच महिन्यात ती समुद्रात जाईल. पिनला टोकाला अडसर असेल तर उत्तम. नुसती सरकवून बसवलेली पिन लाटांच्या थरथरीने बाहेर येताना मी पाहिलीय.

पिन असली तरी मोकळ्या पाण्यात जाताना मी दोर बांधतोच. सहा मिलिमीटरचा पॉलिस्टरचा दोर घ्या. नायलॉन नको, तो ताणतो, आणि ओला झाला की जास्तच. दांड्याच्या भोकातून, किंवा नांगराला वरची कमान असेल तर तिच्यातून, दोर घेऊन डावीकडच्या क्लीटला आणि उजवीकडच्या क्लीटला असे चार-पाच वेढे मारा. मग त्याच वेढ्यांभोवती आडवे दोन-तीन वेढे घालून आवळा. खरा कस या आडव्या वेढ्यांनी येतो, ते राहिले तर बाकीचं बांधकाम तासाभरात ढिलं पडतं. शेवटी सुरगाठ मारा. निरगाठ मारलीत तर भिजून घट्ट बसलेल्या दोराशी नखांनी झगडत बसाल. जवळ सुरी असू द्या.

बांधून झालं की दांडा हाताने धरून वर उचला, डावी-उजवीकडे हिसका द्या. अंगठ्याच्या रुंदीइतकाही हलला तर सोडून पुन्हा बांधा. तुमच्या हाताला हललेला नांगर समुद्राला कितीतरी पटीने हलणार.

नांगर कोणत्या जातीचा आहे यावरही थोडं अवलंबून आहे. तुम्ही ते लिहिलं नाहीये. सीक्यूआर असेल तर खडखडीचं कारण बहुधा त्याचा सांधा आहे. भौतिकशास्त्रज्ञ जेफ्री टेलर यांनी १९३३ साली पेटंट घेतलेला हा नांगर मुळात पाण्यावर उतरणाऱ्या विमानांसाठी होता, आणि त्याचा फाळ दांड्यावर डावा-उजवा डोलतो. अशा वेळी दोर दांड्याबरोबर फाळालाही घ्या, तर आवाज थांबेल. डॅनफर्थसारखा चपट्या फाळांचा असेल तर तो रोलरवर नीट बसतच नाही. त्याला डेकवर खाचांत आडवा झोपवून बांधलेला बरा.

आणखी एक. विंडलासचा ब्रेकर (विजेचा मुख्य स्विच) निघताना बंद करा. डेकवरच्या त्याच्या पायबटणावर चुकून पाय पडतो, बटणात पाणी शिरलं तरी मोटर स्वतःहून फिरू शकते.

किनारा सोडून काही दिवसांच्या सफरीला जाणार असाल तर मात्र मी नांगर नाळेवर ठेवतच नाही. साखळीपासून वेगळा करून खाली, मधोमध, तळाशी बांधतो. नाळेवरचं वजन कमी झालं की बोट लाटेवर हलकी चढते. साखळी खाली सोडून तिचं टोक दोरीने वर अडकवतो आणि साखळी जाते ते डेकवरचं भोक बुजवतो, कारण त्यातून दर लाटेला पाणी आत येतं. किनारा दिसायच्या बराच आधी, दिवसाउजेडी, नांगर पुन्हा जोडायचा आणि शॅकलची, म्हणजे नांगर आणि साखळी जोडणाऱ्या कडीची, पिन तारेने बांधायची.

साखळीचं दुसरं टोक साखळी ठेवायच्या लॉकरमध्ये कशाला बांधलंय तेही एकदा उघडून बघा. ते शॅकलने नको, दोराने हवं, आणि तो दोर इतका लांब हवा की सगळी साखळी संपल्यावर तो डेकवर बाहेर येईल आणि गरज पडली तर तिथे सुरीने कापता येईल.