सांधेवाताच्या रुग्णांसाठीच्या ब्राफ-एमडीक्यू या थकव्याच्या प्रश्नावलीचं भाषांतर केलं, क्रोनबाख अल्फा (उत्तरांच्या आपसांतल्या मेळाचं माप) ०.९३ आला. आता ती व्हॅलिडेट झाली, म्हणजे थकवाच मोजते हे सिद्ध झालं, म्हणायचं का?

अजून नाही. दोघांकडून भाषांतर, मग उलट-भाषांतर (परत मूळ भाषेत) आणि चांगला अल्फा, इथवर येऊन बरेच प्रबंध थांबतात. पण अल्फा फक्त एवढंच सांगतो, की उत्तरं एकमेकांशी जुळतात. ती थकव्याची आहेत की सांधेदुखीची, हे त्याला कळत नाही. सगळे प्रश्न वेदनेचे समजून वाचले गेले तरी अल्फा झकासच येईल.

मी याच प्रकारच्या कामात आहे आणि माझा सगळा जोर रुग्णांच्या मुलाखतींवर असतो. तुम्ही निवडलेली ब्राफ-एमडीक्यू ब्रिस्टलमध्ये रुग्णांशी बोलूनच तयार झाली. २० प्रश्न, एकूण ७० गुण. पहिल्यात गेल्या सात दिवसांतला सरासरी थकवा ० ते १०, दुसऱ्यात थकव्याचे दिवस ० ते ७, तिसऱ्यात तो एकेका वेळी किती टिकला त्याला ० ते २, उरलेल्या १७ ना ० ते ३. म्हणजे पहिल्या चार प्रश्नांतच उत्तर द्यायची रीत तीनदा बदलते. तुमच्या रुग्णांना हे झेपतं का, ते त्यांच्या शेजारी बसल्याशिवाय कळणार नाही.

रुग्णाला उत्तर देताना मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगा. अंघोळ जड गेली का, या प्रश्नावर कुणी "खूप" वर खूण करतं आणि बोलता बोलता सांगतं, "मनगट वळत नाही ना." लगेच विचारा, अंगात त्राण होतं का? "त्राण होतं हो, नळच फिरत नव्हता." कागदावर हे उत्तर निर्दोष दिसतं, पण मोजला गेला तो सांधा. अशी उत्तरं पुन्हा पुन्हा आली तर वाक्य बदला आणि नव्या रुग्णांवर परत तपासा.

ब्राफचे आकड्यात उत्तर द्यायचे तीन वेगळे प्रश्नही (तीव्रता, परिणाम, तोंड देणं) वापरणार असाल तर तिसऱ्याकडे नीट बघा. तीव्रता आणि परिणाम यांत जास्त आकडा वाईट, पण थकव्याला तोंड देण्याच्या प्रश्नात जास्त आकडा चांगला. सवयीने तिन्ही खुणा एकाच बाजूला पडू शकतात. तुलनेसाठी फॅसिट-एफ ही थकव्याचीच दुसरी प्रश्नावली घेतलीत तर तिथेही जास्त गुण म्हणजे कमी थकवा, त्यामुळे सहसंबंध उणे यायला हवा.

गृहीतकं विश्लेषणाआधी लिहून ठेवा: एसएफ-३६ या सर्वसाधारण आरोग्याच्या प्रश्नावलीतल्या उत्साहाच्या गुणांशी घट्ट उलटा संबंध, वेदनेशी मध्यम, सीआरपीशी (रक्तातली दाहाची चाचणी) कमकुवत. सीआरपीशी फारच घट्ट जुळलं तर थकव्याऐवजी दाहच मोजला जातोय का, अशी मला शंका येईल.

पुनर्चाचणी, म्हणजे त्याच रुग्णांकडून तीच प्रश्नावली पुन्हा, एक-दोन आठवड्यांनी घ्या. "माझ्यात फरक नाही" म्हणणारेच त्यात धरा आणि आयसीसीसोबत (दोन वेळचे गुण किती जुळतात त्याचा आकडा) मापनाची प्रमाण त्रुटीही, म्हणजे गुण नुसत्या मोजण्यातल्या चुकीने किती हलतात तेही, द्या. मूळ चार घटक, म्हणजे प्रश्नांचे चार गट, तुमच्या भाषेत टिकतात का, यासाठी कन्फर्मेटरी फॅक्टर अ‍ॅनालिसिस ही संख्याशास्त्रीय तपासणी लागेल. कॉस्मिन या प्रश्नावल्या तपासण्याच्या मार्गदर्शक नियमावलीचा प्रश्नांच्या सातपट रुग्णांचा निकष लावला तर किमान १४० जण हवेत.

सोरायटिक आर्थरायटिस (सोरायसिससोबतचा सांधेवात) किंवा अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसचे (पाठीच्या कण्याचा सांधेवात) रुग्णही घेणार असाल तर त्यांच्या मुलाखती वेगळ्या घ्या. मूळ प्रश्नावली ऱ्हुमॅटॉइड सांधेवाताच्या रुग्णांच्या अनुभवातून आली आहे. पाठीच्या जखडण्याने रात्री चारदा जागा होणारा माणूस थकव्याबद्दल काय सांगतो, हे त्याच्याच तोंडून ऐकावं लागेल.