जबड्याची शस्त्रक्रिया आणि नाकातून घातलेली नळी

जबड्याच्या शस्त्रक्रियेत श्वासासाठीची नळी बहुधा तोंडातून न घालता नाकातून घातली जाते, कारण वरचे आणि खालचे दात एकमेकांवर नीट बसतात की नाही, हे शल्यविशारदांना शस्त्रक्रिया चालू असतानाच तपासावे लागते. नळी घालताना तुम्ही सहसा पूर्ण भुलीखाली असाल, त्यामुळे नळी घालण्याची धास्ती बाळगू नका. काढताना मात्र रुग्ण बहुतेकदा जागा होत असतो. घशात खरवडल्यासारखे वाटते, खोकला येतो, आणि ते लगेच संपते. सूज फार असल्यास काही वेळा नळी रात्रभर ठेवतात, आणि ती स्वरतंतूंमधून जात असल्याने तेवढा वेळ बोलता येत नाही. म्हणून खुणा आधीच ठरवून ठेवा.

नंतर घसा दुखणे, आवाज बसणे, नाकातून थोडे रक्त येणे अपेक्षितच आहे. (खरा वैताग, माझ्या मते, चोंदलेल्या नाकाचा असतो.) तरीही वरच्या जबड्यावर काम झाले असल्यास डॉक्टर परवानगी देईपर्यंत नाक शिंकरू नका. नाकातला पडदा वाकडा असल्यास किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास भूलतज्ज्ञांना पहिल्याच भेटीत सांगा.