डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधानेच त्रास झाला तर केस करता येते का?

सांधेदुखीच्या गोळ्यांनी वडिलांना हार्टचा त्रास सुरू झाला, आता दावा डॉक्टरवर लावायचा की कंपनीवर, असं विचारलंय तुम्ही. दोघांवरही लावता येतो, पण नुसता साइड इफेक्ट झाला एवढ्यावर केस उभी राहत नाही, कारण तो आधीच छापून कळवलेला असेल तर कंपनी तोच कागद कोर्टापुढे ठेवणार. मुद्दा असा की कंपनीला धोका माहीत होता का आणि तो डॉक्टरपर्यंत नीट पोचवला का. सांधेदुखीचंच व्हायॉक्स घ्या, हार्ट अटॅकचा धोका वाढतो म्हणून मर्क कंपनीने ते २००४ मध्ये बाजारातून काढलं आणि २००७ मध्ये हजारो दावे मिटवायला ४.८५ अब्ज डॉलर द्यायचं कबूल केलं.

सरकारी मंजुरी आहे मग काय करणार, असं लोक सांगतील, त्यावर गप्प बसू नका प्लीज. अमेरिकेत वायेथ विरुद्ध लेव्हाइन खटल्यात एका बाईंचा इंजेक्शनमुळे हात कापावा लागला होता, तिथे २००९ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधं मंजूर करणाऱ्या सरकारी संस्थेने, औषधाचं लेबल मंजूर केलं म्हणून कंपनीची जबाबदारी संपत नाही. जेनेरिकच्या, म्हणजे मूळ औषधाच्या स्वस्त आवृत्तीच्या बाबतीत मात्र २०११ मध्ये त्याच कोर्टाने कंपन्यांच्या बाजूने निकाल दिला, मला तो अन्यायच वाटतो, आजार तोच, गोळी तीच आणि पेशंटला दाद नाही.

डॉक्टरांनी आधीचा हार्टचा त्रास माहीत असून तीच गोळी दिली किंवा डोस चुकवला तर ती निष्काळजीपणाची केस, ती वेगळी.

उरलेल्या गोळ्या आणि रिकाम्या स्ट्रिपा अजिबात टाकू नका, बॅच नंबर त्यावरच असतो, प्रिस्क्रिप्शन आणि मेडिकलचं बिल पण ठेवा, आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे गोळी सुरू व्हायच्या आधीचे रिपोर्ट, कारण समोरचा वकील म्हणणारच की यांना बीपी आधीपासून होतं. मुदत पण बघा, भारतात ग्राहक आयोगाकडे २ वर्षं, युरोपात नुकसान आणि त्याचं कारण कळल्यापासून साधारण ३ वर्षं, त्यामुळे वकिलाला लवकर गाठा.

आणि गोळी अजून चालू असेल तर स्वतःच्या मनाने बंद करू नका, आजच दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा आणि त्रासाची नोंद त्यांच्याकडून लेखी घ्या.