वाचकांचे प्रश्न : प्रतिकारक जिवाणूंचा माग जनुकांवरून कसा काढतात?

प्रश्न : दोन वेगळ्या देशांतल्या रुग्णांमध्ये ‘तोच’ ई. कोलाय (आतड्यात राहणारा एक जिवाणू) आहे, हे कशावरून ठरते?

उत्तर : ई. कोलायच्या जनुकसंचात साधारण ५० लाख अक्षरे, म्हणजे डीएनएचे एकेक घटक, असतात. पूर्वी त्यातली सात ठरावीक जनुके वाचून प्रकाराला क्रमांक देत. मूत्रमार्गाच्या संसर्गात वारंवार दिसणारा एसटी१३१ हा असाच एक प्रकार. तो तीन खंडांत पसरल्याचे २००८ साली लक्षात आले. पण सात जनुके जुळली म्हणजे नाते जवळचे, असे नाही. त्या दोन जिवाणूंची फारकत कित्येक दशकांपूर्वी झालेली असू शकते. म्हणून आता पूर्ण जनुकसंच वाचतात आणि एकेका अक्षराचे फरक मोजतात.

पहिली चूक बहुधा नमुना जनुकसंच वाचणाऱ्या यंत्रापर्यंत पोचण्याआधीच होते. जिवाणू वाढवायच्या बशीतली एकच सुटी वसाहत, म्हणजे एका जिवाणूपासून वाढलेला ठिपका, उचलून ती पुन्हा वाढवायची असते. घाईत चार वसाहती एकत्र खरवडल्या, तर दोन जिवाणूंचे वाचन एकमेकांत मिसळते. वाचलेल्या तुकड्यांची जुळणी केल्यावर ५० लाखांऐवजी ७० लाख अक्षरे आली, तर नमुना भेसळीचा समजून टाकून द्यावा. प्रत्येक अक्षर सरासरी ३० ते ५० वेळा वाचले गेले आहे ना, हेही पाहावे.

दुसरा सापळा देवाणघेवाणीचा. हजारभर अक्षरांच्या पट्ट्यात पन्नास फरक दाटीने दिसले, तर ती पन्नास उत्परिवर्तने नसतात. दुसऱ्या जिवाणूकडून आलेला तो एकच तुकडा असतो. असे पट्टे वगळल्याशिवाय वंशवृक्ष काढला, तर सख्खे भाऊ दूरच्या फांद्यांवर जाऊन बसतात.

प्रश्न : जिवाणू कधी आणि कुठून आला, हेही कळते का?

उत्तर : ‘कधी’ बऱ्यापैकी कळते. टायफॉइडच्या जिवाणूत वर्षाला सरासरी अर्धाच बदल टिकतो. दोन नमुन्यांत दहा फरक असतील, तर दोन्ही शाखांच्या वाट्याला पाच-पाच येतात, म्हणजे समान पूर्वज साधारण दहा वर्षांपूर्वीचा. एवढ्या थोड्या फरकांवर नेमके साल सांगता येत नाही. शिवाय नमुने वेगवेगळ्या वर्षांचे हवेत, एकाच वर्षाच्या नमुन्यांवरून बदलाचा वेग काढता येत नाही. ‘कुठून’ हे मात्र जपून वाचावे. जो देश जास्त नमुने वाचतो तोच वृक्षावर उगमस्थान भासतो. जिथे प्रयोगशाळाच नाही, तो देश वृक्षावर दिसतच नाही. नकाशावरच्या बाणांवर आमचा तरी चटकन विश्वास बसत नाही.

प्रश्न : मग औषधांना होणारा प्रतिकारही त्याच वृक्षावरून कळत असेल?

उत्तर : अर्धाच. एसटी१३१च्या मुख्य शाखेत सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाला होणारा प्रतिकार गुणसूत्रावरच्या जायरए आणि पारसी या जनुकांतल्या बदलांमुळे येतो. तो पिढीजात असल्याने वृक्षावर नीट दिसतो. सेफ्ट्रिॲक्सोन हे दुसरे प्रतिजैविक निकामी करणारे सीटीएक्स-एम-१५ हे जनुक मात्र बहुधा प्लास्मिडवर, म्हणजे गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या कड्यावर असते. हे कडे एका जिवाणूतून दुसऱ्यात जाते, कधी वेगळ्या जातीतही. २०१६पासून पाकिस्तानच्या सिंध प्रांतात पसरलेल्या टायफॉइडचे तेच झाले. जिवाणूचा वंश जुनाच, एच५८ नावाचा, पण त्यात हे जनुक असलेले प्लास्मिड शिरले आणि सेफ्ट्रिॲक्सोन चालेना.

म्हणून जिवाणूचा आणि प्लास्मिडचा माग वेगवेगळा काढावा लागतो. इथे १५० अक्षरांचे छोटे वाचन पुरत नाही. प्रतिकारक जनुकांच्या आसपास आयएस२६ हा सुमारे ८२० अक्षरांचा उडता, म्हणजे डीएनएमध्ये जागा बदलणारा, तुकडा अनेकदा आढळतो आणि एकाच जिवाणूत त्याच्या कितीतरी प्रती असतात. छोटे वाचन अशा तुकड्याच्या आतच संपते. त्याच्या दोन्ही बाजूंना नेमके काय आहे हे संगणकाला कळत नाही आणि जुळणी तिथेच तुटते. जनुक ‘सापडले’ असा अहवाल येतो, पण ते प्लास्मिडवर की गुणसूत्रावर, हे सांगता येत नाही. हजारो अक्षरांचे लांब वाचन जोडले की कडे पूर्ण होते. आणखी एक गोष्ट : प्रतिजैविक नसलेल्या माध्यमावर नमुना पुन्हापुन्हा वाढवला, तर काही जिवाणू प्लास्मिड टाकून देतात. म्हणून मूळ नमुना लगेच उणे ८० अंशांवर गोठवून ठेवावा.

प्रश्न : जनुक सापडले म्हणजे औषध चालणार नाहीच?

उत्तर : बहुतेकदा तसेच, पण नेहमी नाही. जनुक असूनही ते बंद असू शकते. उलट, एकही नेहमीचे जनुक नसताना पेशीच्या बाह्य आवरणातली छिद्रे कमी झाल्यानेही औषध आत शिरत नाही. उपचार ठरवताना बशीवरची औषधचाचणी सोडू नये.